बोळाचा मार्ग झाला तेव्हा

भुताखेतांच्या गप्पांत मी कधी नसते. शिवणकाम करते, मापात बोलते. पण हे खरंच घडलंय... आमच्याच दारात, गेल्या थंडीत.

आमचं घर बोळाच्या मध्यावर. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला गोदामाची बंद भिंत. वीजबिलावर 'गल्ली' यायचं, जुन्या पाटीवर 'पथ', बोलताना सगळे बोळच म्हणायचे. कुणाचं काही अडत नव्हतं.

बाबांना विसरण्याचा आजार. माझं नावही त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. पण बोळ बंद, म्हणून संध्याकाळी भिंतीपर्यंत फिरायला मी त्यांना निर्धास्त सोडायची. रस्त्याकडे जायचं तर माझ्या खिडकीसमोरूनच जावं लागे.

मग शेजारच्या काकांनी अर्ज केला. बोळात राहतो म्हटलं की लोक नाक मुरडतात म्हणे. नवी पाटी आली. 'मार्ग'.

"अहो, मार्ग कुठेतरी जातो. हा कुठे जातो?" मी विचारलं.

पाटी लावणारा हसला. "ताई, मागच्या बोळात सायकल वळत नाही, त्याला हमरस्ता लिहिलंय. आम्ही फक्त भोकं पाडतो."

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला... चपलांचा.

बरीच माणसं चालत होती. बोलत कुणीच नव्हतं.

सकाळी मी गोदामाच्या रखवालदाराला गाठलं. त्याने आत नेऊन दाखवलं. भिंतीला चिकटून छतापर्यंत पोती. उंदराला सरकायला जागा नव्हती.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाबांना घरातच ठेवलं. ते दाराशी बसून लहान मुलासारखे रडायचे. शेवटी सोडलं.

मशीनमध्ये दोरा ओवला, मान वर केली...

बोळ रिकामा.

मी भिंतीपर्यंत धावले. कुणी नाही.

"काय शोधतेस, ठमे?"

बाबा मागे उभे. मोठ्या रस्त्याकडून आलेले. माझ्या खिडकीसमोरून ते गेलेच नव्हते.

ठमे. हे नाव मी कित्येक वर्षांनी ऐकत होते. त्यांच्या गळ्यात पडून रडले.

आता त्यांना सगळं आठवतं. आईची निळी साडी, माझी शाळा, सगळं. डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी. भाऊ फोनवर हुंदके देत होता. मलाच घास गोड लागत नाही.

जन्मभर बोळ म्हणणारा माणूस आता चुकूनही तसं म्हणत नाही. "आपला मार्ग," म्हणतात. भिंतीकडची खिडकी उघडू देत नाहीत.

काल मी बाहेर कपडे काढत होते. भिंतीपलीकडे कुणीतरी चाचपडत होतं... हात घासत, थांबत.

मग आवाज आला. थकलेला, ओळखीचा.

"बाई... हा बोळ कुठे संपतो हो?"

माझ्या हातून कपडे पडले.

घरातून बाबांनी हाक मारली. "ठमे, आत ये. दार लाव."

मी आत गेले. दार लावलं.

आतले बाबा मला ओळखतात.