मंचरचा शेजारी

“भाऊ, रांग तिकडं आहे... मागं उभे राहा!” हर्षालीनं मॉनिटरवरची नजर न काढताच फर्मावलं.

“मी रांगेतला नाय, मंचरचा आहे,” दारातून आवाज आला. “रत्नदीप. सकाळी फोनवर तुम्ही ज्याला झापलंत — तोच.”

तिनं वर पाहिलं. हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि तरीही हसणारा एक पोरगा. तिनं उगीचच ओढणी सारखी केली.

साल दोन हजार सहा. घोडेगावच्या इंटरनेट केंद्रातला लिनक्स सर्व्हर हर्षाली सांभाळायची, मंचरचा रत्नदीप. दोन्हींवर क्वाग्गा नावाचं मुक्त सॉफ्टवेअर होतं. कुठली माहिती कुठल्या वाटेनं धाडायची, ते हे ठरवायचं. घोडेगावला इंटरनेट मंचरहून अँटेनानं यायचं. आज बारावीचा निकाल, दारात पोरापोरींची झुंबड, आणि इंटरनेट सकाळपासून ठप्प!

“अँटेना हलली असंल तुमची,” तो स्टूल ओढून बसत म्हणाला.

“अँटेना ठीक आहे. पिंग जातंय, म्हणजे सिग्नल तुमच्यापर्यंत पोचतोय. पण तुमचा सर्व्हर आमच्याला शेजारी मानायलाच तयार नाय.”

तिनं सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. दोघांची डोकी स्क्रीनपाशी आली. त्याच्या शर्टाला उन्हाचा, पेट्रोलचा वास... ती एका ओळीवर थांबली.

“हे बघा. आमचा सर्व्हर दर दहा सेकंदांनी हॅलो म्हणतो, तुमचा तीस सेकंदांनी. हे जुळल्याशिवाय दोघं एकमेकांना वाटा सांगत नाहीत. कुणी बदललं?”

रत्नदीपनं जीभ चावली. “मीच. काल रात्री चाचणी करत व्हतो... परत बदलायचं राहिलं.”

“आणि नाव माझ्या अँटेनाचं!”

“चुकलो! लई चुकलो.”

तिथूनच त्यानं मंचरच्या सर्व्हरवर लॉगिन केलं, आकडा बदलला.

“आता सेव्ह करा, नायतर लाइट गेली की पुन्हा तेच,” ती म्हणाली.

क्षणभरात दोन्ही सर्व्हर जुळले. पहिला निकाल उघडला, पोरी आनंदानं किंचाळल्या. त्या गोंधळात रत्नदीप मात्र तिच्याकडेच बघत होता.

मग काय, मंचरची लिंक वरचेवर तपासावी लागू लागली! श्रावणी सोमवारी भीमाशंकरच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, तरी हा भिजत हजर.

हर्षालीनं स्क्रीन त्याच्याकडं वळवली. “महिनाभरात लिंक एकदाही तुटली नाय. मग कशाला येता?”

“चहाला...”

“मंचरला चहा मिळत नाय?” ती हसली आणि चहाचा कप त्याच्या हातात दिला. “रविवारी महाळुंगे पडवळहून पाहुणे येणार आहेत. मला बघायला.”

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. “मुलगा... कसा आहे?”

“काय माहीत! कुशाआत्या म्हणते, बागायत लई आहे.”

“माझ्याकडं बागायत नाय,” तो अडखळला. “नोकरी आहे... आणि — हर्षाली, तू मला आवडतेस. झापलंस ना, तेव्हापासनं. तुला चालणार असंल तर आईला घेऊन येतो तुझ्या घरी. पुढच्या आठवड्यात?”

तिचे कान लाल झाले. कळफलकावरची नसलेली धूळ तिनं ओढणीनं पुसली.

“पुढच्या आठवड्यात कशाला?” ती हळूच म्हणाली. “शनिवारीच ये. वडील घरी असतात.”