सावलीतलं विवर

चंद्रावरच्या तळाला पाणी हवं होतं! पृथ्वीवरून येणाऱ्या पिंपांवर बारा माणसं किती दिवस काढणार? यंदा चंद्रावर पाणी सापडलं नाही, तर सगळ्यांना गाशा गुंडाळून परतायचं होतं. म्हणून तळावरची भूवैज्ञानिक आणि गाडी चालवणारे मामा एका लहानशा विवराकडे निघाले. मामा कुणाचेच मामा नव्हते, पण तळावर सगळे त्यांना मामाच म्हणत.

विवर जेमतेम दोनशे मीटर रुंद. कधीकाळी एक उल्का आदळली आणि जमिनीला वाडग्यासारखा खड्डा पडला. काठावर घराएवढे धोंडे विखुरलेले, त्यांच्या लांबच लांब सावल्या करड्या धुळीवर पसरलेल्या, आणि तळाशी कधीच ऊन न पोचलेला मिट्ट काळोख. बर्फ असलाच तर तिथेच!

काठाजवळ गाडीची चाकं धुळीत रुतली.

"चला, आता अकरा नंबरची बस!" मामा हसत उतरले आणि चालू लागले.

दोर धरून दोघं खाली पोचले. तासभर भोक पाडल्यावर मातीचा नमुना पोटात घेऊन दोन मीटरची पोलादी नळी वर आली. तिने ती बाळासारखी उचलली.

तेवढ्यात उतार सरकला! आवाज नाही, काही नाही. नुसती धूळ वाहू लागली. वरून एक धोंडा घरंगळत आला. मामा कोसळले. त्यांचा पाय धोंड्याखाली अडकला!

"पोशाख फाटला का?" ती ओरडली.

"नाही. पण पाय निघत नाही. ताई, हवा किती उरलीय?"

तिने मनगटावरचा आकडा पाहिला. "चाळीस मिनिटं." गाडीपर्यंतची चढणच पंचवीस मिनिटांची होती.

"मग नळी घ्या आणि निघा तुम्ही."

"काहीतरीच काय बोलता, मामा!"

तिने खांदा लावून पाहिला. धोंडा ढिम्म हलेना. पहार हवी होती, आणि जवळ होती फक्त ती नळी! या नमुन्यासाठी ती चार वर्षं झगडली होती. क्षणभर तिचा हात घुटमळला. मग तिने नळीचं टोक धोंड्याखाली खुपसलं आणि सगळा भार टाकला. नळी वाकली. धोंडा बोटभर उचलला गेला.

"ओढा पाय!"

मामांनी पाय ओढला. त्याच क्षणी नळी मोडली! नमुना धुळीत सांडला.

ती मामांना उठवायला वाकली, तसा तिच्या शिरस्त्राणावरच्या दिव्याचा झोत त्या मातीवर पडला. शेकडो कण लखलखले! बघता बघता त्यातले काही विरूनही गेले.

"मामा, बर्फ!"

"अहो, मग भरून घ्या की!"

आकडा एकोणतीस दाखवत होता. "नाही. आधी वर!"

तिने त्यांना पाठंगुळीला घेतलं. चंद्रावर वजन कमी, तरी ती दोनदा घसरली, दोनदा उठली. गाडीचं दार बंद झालं तेव्हा हवा दोनच मिनिटांची उरली होती.

"दुसरी गाडी निघालीय," रेडिओवर तळप्रमुख म्हणाल्या. "नमुना मिळाला?"

"गेला. पण पाणी आहे! दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय."

मग पलीकडे दहा जणांनी एकच कल्ला केला! मामांना त्रास नको म्हणून तिने आवाज कमी करायला हात पुढे केला. सुजलेला पाय सावरत मामांनी तो हळूच अडवला.

"राहू द्या, ताई. ऐकू दे जरा."