आतून धरणारा

१९९६ सालची गोष्ट. कळसला मी एकटी पशुवैद्य, पाचवा महिना लागलेला, आणि इंदापूरहून रोजची एसटी. याआधी दोनदा माझं मूल पोटातच गेलं होतं. हे तरी टिकू दे, एवढंच मागणं होतं. बाकी सगळ्याचा वीट आला होता.

गावातल्या धनगर छबूबाईंच्या मेंढरांना फुप्फुसाचा रोग लागला होता. त्यांचा मुलगा बिरदेव मेंढीचे मागचे पाय उचलायचा, की तिच्या नाकातून तांब्याभर पाणी गळायचं. औषध नव्हतंच. रोगातून वाचलेल्या एका मेंढीच्या रक्तातून मी त्या विषाणूला मारणारं सिरम काढलं.

व्यायल्यावर पडणारी मेंढीची वारसुद्धा छबूबाई हळद वाहून पुरायच्या. म्हणाल्या, "बाई, ह्यो रोग लई जुना हाय. त्याला पार हाकलू नगा. त्योच वारंत बसून कोकरू धरतोय."

मी हसले. तसंच काहीसं एका मासिकात वाचलं होतं खरं. निरोगी मेंढीच्या, अगदी बाईच्याही वारेत या विषाणूसारखे कण दिसतात. युगांपूर्वीचा संसर्ग आईच्या बीजात मुरला आणि आता वार धरून ठेवायच्या कामाला लागला असावा. पण असला विचार करायला त्राण कुणाला होतं? चाळीस गाभण मेंढ्यांना सिरम टोचायचं होतं. एकीनं हिसडा दिला आणि भरलेली सुई माझ्या अंगठ्यात घुसली. आमच्या धंद्यात हे रोजचंच. स्पिरिट लावून पुढची मेंढी धरली.

आठवड्यात खोकला थांबला. मला इतका आनंद झाला, की छबूबाईंकडं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पंधराव्या दिवशी सकाळी बिरदेव सायकल मारत आला.

"चला. तुमीच बघा."

चाळीसही मेंढ्या दिवस भरायच्या आत व्यायल्या होत्या. कोकरं स्वच्छ, कोरडी. एकही जिवंत नव्हतं.

"वार कुठं पुरली?" मी विचारलं.

"पडलीच न्हाय. एकीचीबी न्हाय."

एक मेंढी मेली होती. तिचं गर्भाशय चिरलं. आत वार चिकटल्याची खूणसुद्धा नव्हती.

मी सुई घुसलेल्या अंगठ्याकडं पाहिलं. तशीच बारामती गाठली.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई हसल्या. "ठोके छान आहेत. वाढही चांगली."

मी रडायलाच लागले.

त्यांनी यंत्र पोटावर फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पडदा माझ्याकडून वळवून घेतला आणि हलक्या आवाजात नर्सला म्हणाल्या, "मोठ्या सरांना बोलव. मला वार सापडत नाहीये."

आत ते हातपाय हलवत होतं. मला जाणवत होतं.