वाढत्या अंगाचा संगणक

संगणक घेताना कपड्यांची अक्कल चालते का? कोल्हापूरच्या शर्वाणीला हे कोडं भर दुकानात पडलं.

तिची जिवलग मैत्रीण नर्गिस आईवडिलांबरोबर चंद्रावरच्या वसाहतीत राहायला गेली होती. दोघी मिळून एका खेळात शहर वसवत होत्या. तेवढीच काय ती भेट. शर्वाणीचा जुना संगणक बंद पडला आणि भेटही बंद पडली. तिला करमेनासं झालं. नवा संगणक घरीच जोडायचा होता, पण पैसे बेताचे. निवड चुकली तर थेट पुढच्या दिवाळीपर्यंत नर्गिस भेटणार नव्हती.

सुट्या भागांच्या दुकानात खटपट्या नावाचा यंत्रमानव होता. बाबांनी गेल्या गेल्या फर्मान सोडलं, "सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं रेखाटणारा भाग) दाखव. वाढत्या अंगाचं!"

खटपट्याचे डोळे लुकलुकले. "कार्डाला अंग असतं?"

शर्वाणीला हसू फुटलं. "अरे, आमच्याकडे मुलांचे कपडे मापापेक्षा मोठे घेतात. मूल वाढतं ना!"

"मग चष्माही पुढच्या नंबरचा घेता?"

"छे! चष्मा आजच्याच नंबरचा. उद्या नंबर बदलला की चष्मा बदलायचा."

"बरं, संगणकावर करणार काय?" खटपट्याने विचारलं.

"शहर वसवायचा खेळ. त्यात हजारो माणसं. प्रत्येकाचं घर, काम, पाणी..."

"म्हणजे चित्रं साधी, हिशेब फार. हिशेब प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) करतो. तो रेंगाळला, तर तुझ्या बाबांचं मोठं कार्ड हाताची घडी घालून बसेल."

शर्वाणी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "कार्ड हा चष्मा. आजच्यापुरतं पुरे. वाचलेल्या पैशांत प्रोसेसर चांगला घ्यायचा. मग वाढत्या अंगाचं काहीच नाही?"

"उद्या मोठं कार्ड घेतलंस, तर त्याला जास्त वीज कोण देणार?"

"पॉवर सप्लाय (सगळ्या भागांना वीज वाटणारा डबा)! तो थोडा मोठा हवा. आणि सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डही, मोकळ्या जागा असलेला!"

"बघ, माझा शब्द बरोबरच होता," बाबा मिशीत हसले. "सदरा तेवढा भलत्यालाच घालत होतो."

घरी सगळं जोडून शर्वाणीने बटण दाबलं. पंखा घुमला, पडदा उजळला, त्यांचं शहर दिसू लागलं.

"नर्गिस, आहेस का गं?"

काहीच नाही. बाबांचा चेहरा पडला. "चुकलं का गं काही?"

"थांबा बाबा. निरोप चंद्रावर जाऊन यायला वेळ लागतो."

आणि आवाज आला, "शर्वू! किती उशीर केलास! मी रोज एकटीच आपल्या शहराला पाणी सोडत होते. चल, आता नदीपलीकडे शाळा बांधू."

शर्वाणीला रडू कोसळलं. ते नर्गिसला ऐकू जायलाही क्षणभर वेळ लागलाच.