आठ नंबरची मान

त्याने मारलेला बॉल थेट माझ्या डब्यावर येऊन आदळला. धायरीच्या आमच्या ग्राउंडला एकच स्टँड आहे, त्याच्या माथ्यावर सिमेंटची छोटी गच्ची आहे, आणि त्या गच्चीवर ट्रायपॉडला कॅमेरा लावून मी नुकताच पोळीचा पहिला घास मोडत होते. भेंडीची भाजी गच्चीभर झाली. दोन मिनिटांनी लोखंडी शिडी वाजली. आधी घामाने चिकटलेले केस वर आले, मग डोळे, मग आठ नंबरची जर्सी.

"सॉरी मॅडम. जेवण... सांडलं का?"

"नाही नाही. आज माझा उपवास आहे, हे मला आत्ताच कळलं."

तो हसला नाही. खाली बसून भाजी गोळा करायला लागला, आणि प्रत्येक भेंडीगणिक मान वळवून मागे बघायला लागला.

"कोणी पाठलाग करतंय का तुमचा?"

"सवय हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून सुधारलं, "आहे."

ती सवय मला माहीत होती. मी तनया. राहायला कसबा पेठेत आणि नोकरीला या क्लबमध्ये, व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट म्हणून. म्हणजे मॅच शूट करायची, मग तीच मॅच चार वेळा बघायची आणि कोणाचं काय चुकलं ते लिहून कोच सुदर्शन सरांना द्यायचं. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो असं सांगितलं, तर आमच्या पेठेत कोणालाच आश्चर्य वाटत नाही.

तो सार्थक पोकळे, आमचा मिडफिल्डर. मिडफिल्डरच्या चारी बाजूंना माणसं असतात, त्यामुळे बॉल पायात यायच्या आधीच त्याने मान फिरवून कोण कुठे आहे ते बघून ठेवायचं असतं. ज्याची मान जास्त फिरते, त्याचा बॉल कमी हिसकावला जातो. या नजरा मोजणं हेही माझंच काम. त्यासाठी मी कसबा गणपतीजवळच्या दुकानातून बोटात घालायचं नामजपाचं काउंटर घेतलं होतं. बसमध्ये मोबाइलवर मॅच बघत मी ते दाबत बसले, की शेजारच्या बायका आदराने सरकून बसायच्या.

दुसऱ्या दिवशी शिडीवरून आधी डबा वर आला. ज्वारीची भाकरी, गवारीची भाजी आणि ठेचा.

"आजीनं दिलाय. म्हणाली, पोरीचं अन्न सांडलंस, भरून दे जा."

"आजींना नमस्कार सांगा. आणि नातवाला म्हणावं, बॉल खाली ठेवून मारत जा."

"आज किती वेळा बघितलं मी?"

"बत्तीस. कमी आहे."

"तुम्ही जेवत होता. मोजायला चुकला असाल."

"मी मोजण्यात चुकत नाही."

"आणि... बाकी कशात?"

"बाकी कशात म्हणजे?"

तो दोन पायऱ्या उतरला, परत एक चढला. "ठेचा तिखट आहे. जपून," एवढंच म्हणून खाली गेला.

मग शिडी रोज वाजायला लागली. आठवडाभरात मॅडमची तनया झाली, तुम्हीचं तू झालं. तो कधी नीट बसायचा नाही. कठड्यावर टेकायचा, उठायचा, माझ्या कॅमेऱ्याच्या वायरी उगाच सरळ करायचा. सव्वीस वर्षांचा होता. दहा वर्षांत चार क्लब झाले, एकदा घोटा मोडला, आणि दोनदा मोठ्या क्लबांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून परत पाठवलं. वडिलांचं सिंहगड रोडला हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांनी सांगून टाकलं होतं, या सीझनला मोठ्या क्लबने घेतलं तर ठीक, नाहीतर एप्रिलपासून दुकान सांभाळायचं.

"मला एका जागी बसवत नाही गं," तो एकदा म्हणाला. "आणि अण्णांच्या दुकानातली खुर्ची तर फिरतीपण नाय."

मी हसले, पण त्या दिवसापासून एप्रिल माझ्याही डोक्यात बसला. मला तो आवडायला लागला होता. शिडी वाजली की मी उगाच केस सारखे करायचे, आणि नाही वाजली तर कशातच लक्ष लागायचं नाही. घरी आई विचारायची, एवढ्या येरझारा कशाला घालतेस, फरशी झिजेल.

अशा मनःस्थितीत मी फेब्रुवारीतल्या तीन मॅचचा रिपोर्ट लिहायला बसले. आपल्याकडून त्याला झुकतं माप दिलं जाईल, ही मला भीती. म्हणून त्याच्या बाबतीत मी जरा जास्तच कडक झाले. रकाने चार होते: उजवीकडे, डावीकडे, मागे आणि वर. वर फक्त उंच बॉल आला तरच बघायचं असतं. बॉल खाली असताना बाकी कोणीच वर बघितलं नव्हतं. त्याच्या रकान्यात मात्र अकरा आले. मी लिहिलं, 'क्रमांक आठ. वर, स्टँडकडे: अकरा वेळा. विनाकारण. मानेला काही त्रास आहे का, फिजिओने तपासावं.' सही केली आणि पाठवून दिला.

सोमवारी टीम मीटिंगला सरांनी त्या अकरा क्लिप्स ओळीने लावल्या.

पहिल्या क्लिपमध्ये सार्थकने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. दुसऱ्या क्लिपमध्ये तेच. तिसऱ्यात बघून किंचित हसलासुद्धा. चौथ्या क्लिपला मागून कोणीतरी खोकलं. सातव्या क्लिपला गोलकीपर चेतन गंभीरपणे म्हणाला, "सर, मानेला काय नाय झालेलं त्याच्या." आणि सगळी खोली हसून लोळली. कॅमेऱ्यामागे कोण असतं, हे त्या खोलीतल्या पंचवीस जणांना कधीच कळलं होतं. सव्विसावी मी. मला ते तेव्हा कळलं.

सुदर्शन सर तेवढे हसले नाहीत. "पोकळे, शनिवारी गोव्याच्या क्लबचा माणूस येतोय. त्याला मी मिडफिल्डर दाखवणार आहे, पर्यटक नाही. तू बाहेर बसशील."

सार्थक पार्किंगमध्ये सापडला. बाइकवर बसून नुसतीच किल्ली लावत होता, काढत होता.

"रागावलास?"

"लिहिलेलं खोटं होतं का?"

"नाही."

"मग झालं तर." किल्ली लावली, काढली. "फक्त ते... 'विनाकारण' नव्हतं लिहायला पाहिजे."

  त्याचा दहा वर्षांचा खेळ माझ्या एका ओळीने बाहेर बसवला होता, आणि ती ओळ मी माझं त्याच्यावर प्रेम नाही हे दाखवण्यासाठी लिहिली होती.

मी तडक सरांकडे गेले. "सर, माझ्या रिपोर्टमध्ये चूक आहे."

"आकडा चुकलाय?"

"नाही. आकडा बरोबर आहे. पण कारण आहे. म्हणजे... मी आहे."

"ते पंचवीस जणांना समजलंय, तनया. त्यावर उपाय आहे का तुझ्याकडे?"

"आहे. तुम्ही फक्त त्याला उतरवा."

सरांनी चष्मा काढून पुसला. "शेवटची तीस मिनिटं. एकदा जरी वर बघितलं, तरी बाहेर."

शनिवारी मॅचआधी मी सार्थकला स्टँडखाली गाठलं. "आज मी गच्चीवर नसेन. वर बघण्यासारखं काही नाही, तेव्हा बघू नकोस."

"मग तू कुठे?"

"ग्राउंडवरच. कुठे ते सांगणार नाही."

"तनया, मॅच आहे ही. लपाछपी नाय."

"मॅच संपली की विचारेन, कुठे होते ते. बरोबर सांगितलंस तर... बघू."

साठाव्या मिनिटाला तो उतरला. आणि त्याची मान थांबेचना. कुंपणापाशी, गोलच्या मागे, राखीव खेळाडूंच्या बाकाकडे, चहाच्या टपरीकडे, परत कुंपणापाशी. शोधत होता मला, पण शोधता शोधता त्याला सगळंच दिसत होतं. मागून पाय घालायला आलेला दिसत होता, उजवीकडे मोकळा सुटलेला आमचा माणूस दिसत होता. दोघांनी त्याला कोंडलं, तर तो मधल्या फटीतून निघून गेला. एक्याऐंशीव्या मिनिटाला तीन जण अंगावर आले. त्याने न बघता बॉल उलट्या बाजूला दिला, कारण बघून त्याचं आधीच झालं होतं. त्या पासवर गोल झाला. एक–शून्य, आणि मॅच तशीच संपली.

काउंटर सत्तरवर थांबलं. शेवटच्या रकान्यात शून्य. ते शून्य मीच मागितलं होतं, तरी लिहिताना डोळ्यांत पाणी आलं.

शिडी वाजली. आधी केस आले, मग डोळे, आणि ते डोळे तिथेच थांबले. मी कठड्याआड खाली बसले होते, उन्हाची टोपी कपाळावर ओढून.

"तू... इथेच?"

"कॅमेरा काय आपोआप फिरतो?"

"सगळं ग्राउंड पालथं घातलं मी तुझ्यासाठी."

"माहितीये. सत्तर वेळा."

तो वर आला. "गोव्याचा माणूस म्हणाला, याची मान फार छान चालते." कॅमेऱ्याची वायर सरळ करत म्हणाला, "दोन वर्षांसाठी घेतायत. अण्णांना फोन केला. नुसते हसले. पण... सोमवारी निघायचंय."

"सोमवारी."

"हं. तू विचारणार होतीस ना, कुठे होतीस ते?"

"विचारायचं राहू दे. सांगतेच. मला तू आवडतोस, सार्थक. तू वर बघायला लागायच्या आधीपासून मी खाली बघत होते."

 तो माझ्याशेजारी कठड्याला टेकून बसला, माझा हात काउंटरसकट हातात घेतला, आणि खाली ग्राउंड रिकामं होईपर्यंत एका जागी बसून राहिला. मान एकदाही वळवली नाही.

तो गेला. रोज फोन येतो, आणि फोनवरही तो चालत असतो, मागे समुद्राचा वारा ऐकू येतो. ऑक्टोबरात नवा सीझन सुरू झाला आणि त्याची पहिली मॅच टीव्हीवर लागली. मी वही आणि काउंटर घेऊन बसले, आई मटार सोलत शेजारी. बाराव्या मिनिटाला बॉल बाहेर गेला, खेळ थांबला, आणि त्याने मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"बॉल तिकडे पडलाय," आई म्हणाली, "आणि हा इकडे काय बघतोय?"

हा रिपोर्ट कोणालाच पाठवायचा नव्हता. तरी मी नीट लिहिलं, 'वर: एकदा. विनाकारण.' मग शेवटचा शब्द खोडला, आणि त्या जागी माझं नाव लिहिलं.