अरुंद अक्षरे

निलंग्याकडच्या त्या वस्तीत जे आजारी पडले, त्या सर्वांना वाचता येत होते. निरक्षरांपैकी एकालाही जुलाब झाले नाहीत.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्याचा पहिलाच उन्हाळा दुष्काळाचा होता. नांदेडहून माझी बदली इथल्या नव्या प्रयोगशाळेत झाली. वस्तीच्या विहिरीत तळाशी उरलेल्या पाण्यात मला मैल्याचे जंतू सापडले, आणि मी फलक लावायला सांगितले. पत्रा हातभरच रुंद होता. पेंटर गुंडप्पा यांनी त्यासाठी जिल्ह्याच्या नव्या पाट्यांच्या वळणाचा साचा कापला: उंच, जाड, एकमेकांना खेटून उभी अक्षरे. पांढऱ्यावर लाल. ती रस्त्यावरूनही दिसत: पाणी पिऊ नये.

टँकर रोज येत होता. तरीही वस्तीतले साहेबराव मास्तर विहिरीच्या पाण्याने दोनदा दवाखान्यात जाऊन आले. तिसऱ्या वेळी शरीर तग धरणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई यांनी मला अंगणातच गाठले. पाटी काढा, एवढेच त्या मागत होत्या. पाटी काढली तर लोक बिनधास्त पितील, असे मी समजावले. त्या थोड्या हसल्या.

"मला वाचता येत न्हाई साहेब, म्हून तर वाचले मी."

मास्तर आत खाटेवर होते. उशाशी टँकरच्या पाण्याने भरलेला माठ होता. विहिरीच्या पाण्याला कुजल्या पाल्याचा वास येतो, हे त्यांना मान्य होते. मग का जाता, असे मी विचारले.

"थोरली बहीण बोलवायली साहेब. लई मायेनं."

बहीण बहात्तरच्या दुष्काळात वारली होती.

मी भर दुपारी विहिरीवर गेलो. वारा नव्हता. पत्रा उन्हाने तापून बारीक वाजत होता. फलक मी कोणीही वाचतो तसाच वाचला, मनातल्या मनात.

वाचणारा आवाज माझा नव्हता.

तो आईचा होता. आई हयात नव्हती.

मी खालच्या पायरीवर होतो. ओंजळ भरलेली होती.

पाणी सोडून दिले, वर आलो आणि गुंडप्पांना बोलावून घेतले. त्यांनी रीत सांगितली. शिरोरेषा सलग कापली तर साच्याचा पत्रा लोंबतो, म्हणून ती तुटक कापतात. छाप उठल्यावर मधल्या फटी ब्रशने सांधतात.

"समद्या सांधल्या साहेब," ते अभिमानाने म्हणाले. "एक बी सोडली न्हाई."

अक्षरे इतकी अरुंद होती, की दोन शब्दांमधली जागाही त्या फटींएवढीच होती. तीही सांधली गेली. शिरोरेषा अखंड झाली आणि 'पिऊ नये' हे 'पिऊन ये' असे वाचले जाऊ लागले. गुंडप्पांनी तेवढ्या जागेवर बोटभर पांढरा रंग दिला. त्यानंतर त्या विहिरीवर कोणाला कोणी बोलावले नाही.