दोरीवरची अकरावी जर्सी

येलदरीच्या धरणात सकाळी जाळं ओढताना गोपाळला वाटलं, आज दिवस बरा उगवला. जाळं जड लागत होतं. काठाशी आलं तेव्हा त्यात चोवीस-पंचविशीचा एक पोरगा होता.

जिंतूर ठाण्याची उपनिरीक्षक दैवशाला कोकाटे पोचली तोवर काठावर गर्दी जमली होती. तिने आधी गर्दी हटवली, मग पोराकडे पाहिलं. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. पायात काही नाही. चपला वर दगडावर नीट जोडून ठेवलेल्या आणि चपलांखाली मोबाइल. दहाही बोटांना मळकट चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली होती.

"ह्यो तर हरिओम हाय, म्याडम," हवालदार मुंजाजी म्हणाला. "हॉस्टेलचा गोलकीपर. काल पाच गोल खाल्ले यानं. समद्यांच्या मोबाइलवर त्याचंच चाललंय. इकला गेला म्हणायलेत लोकं."

"आणि म्हणून जीव दिला?"

"शरमेनं. दुसरं काय?"

मुंजाजीला प्रत्येक प्रेत सापडल्याबरोबर उत्तरही सापडायचं. दैवशालाला त्याचा हेवा वाटायचा, कारण तिला कधीच सापडायचं नाही.

हॉस्टेल म्हणजे परभणीचा फुटबॉल क्लब. पस्तीसेक वर्षांपूर्वी कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या पोरांनी ज्वारी निघालेल्या रानात चेंडू मारत तो उभा केला. सगळा मुलूख क्रिकेटचा, त्यामुळे लोक त्यांना येडे म्हणायचे. आता क्लब व्यावसायिक झाला होता. खेळाडूंना पगार होता, छातीवर बियाणे कंपनीचं नाव होतं, राज्याच्या लीगमध्ये जागा होती. नाव मात्र हॉस्टेलच राहिलं होतं आणि त्या नावाचा परभणीकरांना कोण अभिमान. म्हणूनच पाच गोलांचा रागही तसाच होता.

दुपारी जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. "बुडून मृत्यू. फुफ्फुसांत धरणाचं पाणी आहे. कवटीला डाव्या बाजूला मार आहे, आत रक्त साकळलंय."

"दगडावर आपटला असेल?"

"असेलही. मार किती जुना ते नीट बघून कळवतो."

बाहेर ओट्यावर हरिओमचा बाप बसला होता. रायभान. पालमकडच्या एका खेड्यातला मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी, डोळे कोरडे. दैवशाला शेजारी बसली तसा तो उठायला लागला. तिने त्याला बसवलं.

"काका, हरिओम हरला की काय करायचा?"

"घरला यायचा. जितला तर न्हाई यायचा, दोस्तांत रमायचा. हारला की पालमची गाडी धरायचा अन् मेंढरात येऊन निजायचा. येलदरी त्यानं कवा बगितली बी नसंल."

त्याने खांद्यावरची घोंगडी सावरली.

"म्याडम, पोरगं गेलं ते गेलं. पर लोकं त्याला बेइमान म्हणायलेत. त्याची माय आता कुणाच्या दारात जाणार? बेइमान नव्हता तर तसं लिवा. व्हता तर व्हता म्हणून लिवा. पर बगून लिवा."

नोकरीतल्या सात वर्षांत दैवशालापुढे पुष्कळांनी पदर पसरला होता. 'बघून लिहा' असं म्हणणारा हा पहिलाच. "बघूनच लिहीन, काका. हरिओमचं सामान घ्यायला परभणीला चला माझ्यासोबत," ती म्हणाली.

क्लबचं कार्यालय मैदानाला लागूनच होतं. अध्यक्ष दत्तराव दारात उभे होते. साठीच्या आसपासचे, अंगाने सडपातळ. क्लब काढणाऱ्या पोरांपैकी गावात उरलेले ते एकटेच. बाकीचे नोकऱ्यांमागे पांगले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. रायभानला पाहताच त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्यांना रडू फुटलं. ते रडणं खोटं नव्हतं, हे दैवशालाने मनात नोंदवून ठेवलं.

"काल सामन्यानंतर काय झालं, भाऊ?"

"पोरं चिडली होती. कुणी त्याच्याशी बोलेना. मी म्हणालो, तुम्ही जा, मी समजावतो त्याला. बराच वेळ बोललो. मग त्याने कपडे बदलले, जर्सी धुऊन दोरीवर टाकली आणि बसस्टँडकडे पायी निघाला. पोहोचवतो म्हणालो तर नको म्हणाला."

"डोक्याला लागलं होतं का त्याच्या?"

"खेळात थोडंफार लागतंच. मैदानावरच डॉक्टरांनी तपासलं. ठणठणीत होता."

भिंतीवर जुना कृष्णधवल फोटो होता. वसतिगृहाची गच्ची, दहा-बारा काटकुळी पोरं आणि मागे दोरीवर जर्स्या. दैवशाला तो पाहत राहिली तसे दत्तराव जवळ आले.

"अकराच जर्स्या होत्या आमच्याकडे. खेळून आलं की ज्याने त्याने आपली धुवायची, आपल्या हाताने दोरीवर घालायची. दुसऱ्याच्या जर्सीला हात लावायचा नाही. दोरीवर अकरा दिसल्या की सामना संपला. तो नियम अजून चालतो."

"या उडून नाही जायच्या?"

"चिमटे घ्यायची कुणाची ऐपत? दोन्ही बाह्या दोरीवरून घेऊन खाली गाठ मारायचो. वावटळीतसुद्धा हलायची नाही." दुःखातही त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

खेळाडूंच्या खोलीमागे दोरी होती. तिच्यावर दहा निळ्या जर्स्या प्लास्टिकच्या चिमट्यांनी लावलेल्या. टोकाला अकरावी, पिवळी, लांब बाह्यांची. चिमट्यांची टोपली खाली भरलेली होती. पिवळीला मात्र एकही चिमटा नव्हता. दैवशालाने ती हाताळली नाही. नुसती जवळ जाऊन पाहिली आणि मुंजाजीला फोटो काढायला सांगितला.

कप्तान जीवन पायरीवर बसला होता. हरिओमचा खोलीतला जोडीदार. डोळे सुजलेले.

"तू काल काय म्हणालास त्याला?"

"बेइमान म्हणालो. समद्यांसमोर."

"मग?"

"तो कोपऱ्यात डोकं धरून बसला व्हता. मला वाटलं, तोंड लपवायलाय. आमी निघून आलो."

"त्याच्या बोटांना पट्टी होती."

जीवनने मान वर केली. "अजून व्हती?"

"का?"

"त्याची तीन बोटं मोडून जुळलेली व्हती, म्याडम. म्हणून हातमोज्याच्या आत दहाही बोटं आवळून बांधायचा. पट्टी असली की त्याला बाटलीचं झाकण बी उघडायचं न्हाई. सामना झाला की मी कात्रीनं कापून द्यायचो. कपडे त्याच्यानंतर बदलायचा." त्याचा आवाज फाटला. "काल न्हाई कापली मी."

दैवशालाने विचारलं, "सामन्याचं चित्रण आहे?"

"लोकं फिरवायलेत ती गोलांचीच तेवढी. पुरं क्लबच्या क्यामेऱ्यात हाय."

दोघांनी ते पायरीवरच लॅपटॉपवर पाहिलं. पहिला तासभर हरिओमने सगळं अडवलं. मग एका उंच चेंडूवर तो झेपावला आणि समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला. बाहेरून एकच माणूस धावत आला, पाण्याची बाटली घेऊन. दत्तराव. त्यांनी त्याला उठवलं, पाठ थोपटली आणि ते बाहेर गेले. हरिओम चालत गेला तो गोलच्या बाहेरच, खांबाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. जीवनने ओढून त्याला जागेवर आणलेलं दिसत होतं. पुढचे पाचही गोल त्याच्या शेजारून, रमतगमत गेले. चेंडू एकीकडून येत होता आणि तो दुसरीकडेच पाहत होता. एकदा तर त्याने खांबाला मिठी मारली.

"आमी ह्याला इकलेला म्हणालो," जीवन पुटपुटला.

"डॉक्टर कुठे होता?"

"पांढरा कोट घालून बसला व्हता तो? तो डॉक्टर न्हाई. भाऊंचा भाचा, बियाण्याच्या दुकानातला. डॉक्टर अन् ॲम्ब्युलन्स न्हाई दाखवली तर लीगवाले क्लबची मान्यता काढून घेतेत. काल त्यांचा माणूस तपासायला आलता. डॉक्टर ऐनवेळी आला न्हाई, म्हणून भाऊंनी भाच्याला बसवलं."

"आणि गोलकीपर बदलला का नाही?"

"दुसरा गोली तापानं फणफणलेला. बाकावर गोली कुणीच नव्हता."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. दैवशाला ऐकत राहिली. दोनच प्रश्न विचारले. मग फोन ठेवला. संशय खरा ठरला की तिला बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

ऊन उतरलं होतं. तिने सगळ्यांना दोरीपाशी बोलावलं. रायभान पोराची बॅग छातीशी धरून उभा होता.

"भाऊ," ती म्हणाली, "हरिओमने कपडे बदललेले तुम्ही पाहिले?"

"माझ्यासमोर बदलले."

"शर्टाची बटणं त्यानेच लावली?"

"मग कोण लावणार?"

"तेच विचारतेय. ज्याला बाटलीचं झाकण उघडत नव्हतं, त्याने गळ्यापर्यंत बटणं कशी लावली? पट्टी अजून त्याच्या बोटांवर आहे. शर्ट त्याला दुसऱ्या कुणीतरी घातला."

ती दोरीच्या टोकाशी गेली.

"ज्याने शर्ट घातला, त्यानेच अंगातली जर्सी काढली. आणि ती धुऊन इथे आणून टाकली. परक्या माणसाने धरणातच फेकली असती. पण क्लबच्या माणसाला माहीत होतं, दोरीवर दहाच दिसल्या तर सकाळी पहिला प्रश्न तोच येणार. अकरावी लागणारच होती." तिने दोरीकडे बोट केलं. "बघा. दहांना चिमटे. अकरावीच्या बाह्यांची गाठ. खाली टोपलीभर चिमटे पडलेत, पण त्या माणसाचा हात तिकडे गेलाच नाही. हात गच्चीवर शिकला होता. जीवन, तुमच्यापैकी कुणाला येते ही गाठ?"

"न्हाई म्याडम. बाह्यांची गाठ आमी फोटोतच बगितली."

दत्तराव जर्सीकडे पाहत राहिले. आपणच मारलेली गाठ त्यांना आत्ता दिसत होती. त्यांचे खांदे एकदम खाली आले.

"मी दवाखान्यातच नेत होतो," ते हळू म्हणाले. "तुम्ही सगळे गेल्यावर तो नीट बोलेना. मला ओळखेना. गाडीत घातलं. गाडी सुरू होते न होते तोच उलटी केली, अंगभर. मग गप्प झाला. हाक मारली, हलवलं. नाडी लागेना. तो गेला होता हो. दवाखान्यात नेऊन काय होणार होतं? खोटा डॉक्टर बाहेर आला असता, मान्यता गेली असती. पस्तीस वर्षं खपलो मी. चाळीस पोरांची घरं चालतात यावर. एक गेलाच होता. बाकीच्यांना वाचवायचं होतं मला."

"म्हणून गाडी जिंतूरच्या रस्त्याला लावलीत. लोक त्याला विकला गेला म्हणत होते, ते तुमच्या पथ्यावर पडलं. तुम्हाला ठाऊक होतं, तो प्रामाणिक होता."

"मेलेल्या माणसाला नावाचं काय?" दत्तराव म्हणाले आणि रायभानकडे नजर जाताच गप्प झाले.

दैवशालाने खिशातला मोबाइल काढला, पुन्हा आत ठेवला. हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण बघून लिहायचं कबूल केलं होतं.

"डॉक्टरांचा फोन आला होता. डोक्याचा मार पाण्यात पडण्याच्या काही तास आधीचा आहे. सामन्यातला. पण तो मेला त्या मारानं नाही. फुफ्फुसांत येलदरीचं पाणी आहे, भाऊ. मेलेला माणूस पाणी ओढत नाही. तुम्ही त्याला टाकलंत तेव्हा तो श्वास घेत होता."

दत्तराव दोरीखालीच मटकन बसले आणि आपल्या हातांकडे बघू लागले. मुंजाजी, ज्याच्याकडे सकाळी उत्तर तयार होतं, तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

रायभान पुढे आला. त्याने शिवी दिली नाही की हात उगारला नाही.

"दवाखाना किती लांब व्हता?"

जीवन म्हणाला, "चौक वलांडला की, काका. हितून दिसतो."

रायभानने तिकडे पाहिलं. झाडांच्या वर दवाखान्याची पाटी होती.

"आता लिवा, म्याडम," तो म्हणाला.

दैवशालाने पायरीवर बसून त्याच्यासमोरच लिहिलं आणि वाचून दाखवलं. हरिओम रायभान विकला गेला नव्हता. डोकं फुटलेलं असताना तो शेवटच्या शिट्टीपर्यंत गोलमध्ये उभा होता.

"जर्सी न्यायची व्हती," रायभान म्हणाला. "त्याच्या मायसाठी."

"पुरावा आहे, काका. खटला संपला की मी स्वतः आणून देईन पालमला."

त्याने मान हलवली. मुंजाजीने दत्तरावांना उठवलं आणि गाडीकडे नेलं. मागे जीवनने पंचनाम्याला बोलावलेल्या दोन साक्षीदारांसमोर पिवळी जर्सी दोरीवरून काढायला घेतली. गाठ सुटेना. ओली असताना मारलेली, वाळून घट्ट झाली होती. शेवटी गाठ तशीच ठेवून त्यांनी दोरी कापली.